मथळा

सेर्रोच्या टेकडीखाली, बंद पडलेल्या मटण-कारखान्यामागे
वाचनालयाची एक खोली. सात कॉम्प्युटर, पाच चालू.
मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी सात.
मिल्टन शिकवतो, माझ्या धाकट्या भाच्याहून लहान,
थर्मास काखेत, कडू मातेचा पेला हातात.
म्हणतो, आधी कंस. टोकदार. आत नाव.
उघडलात की मिटायचा.
मिटताना एक तिरकी रेघ, बस्स.

मी अन्सेल्मो. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या.
खाटिक. न्हावी. इथे चाव्या करून मिळतील.
बोटींची नावं, पाण्यापासून दोन वीत वर.
अक्षर मोठं म्हणजे बाप, बारीक म्हणजे पोरंबाळं,
एवढंच व्याकरण हाताला ठाऊक.
मग विनाइल कापणारी यंत्रं आली.
डब्यातलं टर्पेंटाइन उडून गेलं, ब्रश तसेच उभे.

पहिल्या आठवड्यात रेघ विसरलो.
एकच शब्द तिरका करायचा होता
तर सगळं पान कललं, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत,
पांपेरो वाऱ्यात किनाऱ्यावरचे ताड कलतात तसं.
मिल्टन हसला नाही.
म्हणाला, कुठेतरी दार उघडं राहिलंय, शोधा.
तेराव्या ओळीत सापडलं.

त्या रात्री घरी मी दोनदा उठून गॅस पाहिला.

महिनाभरात माझं पान उभं राहिलं.
वर ‘अन्सेल्मोच्या पाट्या’, जाड, निळं, हातभर मोठं.
खाली मोकळं दिसावं म्हणून तीन रिकाम्या ओळी.
मग बोटीचा फोटो. सगळे म्हणाले, वा.

रांगेच्या टोकाला नोएलिया बसते.
तिचा पडदा बंदच असतो. कानाला यंत्र,
बोटं बाणांच्या कळांवर,
आणि आत कुणीतरी इतक्या वेगात वाचतं
की मला ते पोपटांच्या थव्याचं भांडण वाटतं.
ती म्हणाली, तुमच्या पानाला मथळाच नाही.
मी म्हटलं, आहे की! एवढा मोठा, निळा, डोळ्यांत भर—

आणि जीभ चावली.

ती म्हणाली, असू दे.
तुम्ही तो रंगवलाय. मथळा आहे असं सांगितलं कुठे?
मी मथळ्यांवर पाय ठेवत जाते,
ओढ्यातल्या दगडांवरून जावं तसं.
तुमच्याकडे नुसतं पाणी.
आणि त्या तीन ओळींत हे मला सांगतं:
रिकामं. रिकामं. रिकामं.

एच-वन लिहिलं. दोन्ही बाजूंनी कंस, शेवटी रेघ.
निळा गेला, ऐटही गेली.
पोपट थबकले. म्हणाले: मथळा, पातळी एक.
चाळीस वर्षांत माझ्या कुठल्याच पाटीला
कुणी असं नाव घेऊन हाक मारली नव्हती.

फोटोच्या ऑल्टमध्ये मी ‘फोटो’ लिहिलं होतं.
चित्र, फोटो, असं ऐकून ती हसत सुटली.
कशाचा ते लिहा ना! जे दिसतं ते.
मी बराच वेळ बसून राहिलो. मग एका बोटाने, अक्षर अक्षर:
‘हिरवी बोट. नाव रोसाउरा.
त्यातला उ मागाहून कोंबलेला, कारण रंगवणारा
त्या दिवशी शुद्धीत नव्हता.’

हे माझ्या भावालाही माहीत नव्हतं. बोट त्याची.
त्याच्या बायकोचं नाव.

नोएलियाने दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा सावकाश.
दिसला मला तुमचा उ, म्हणाली.
मग विचारलं, बोट आता कुठे असते?

मिल्टन दिवे मालवत होता.
तिला काय, ती तशीच टाइप करत राहिली.
मी फोटोखाली एक परिच्छेद उघडला,
‘ऑगस्टमध्ये’ एवढं लिहिलं
आणि हात थांबला.

बाकी काही उघडं टाकू नका,
पण परिच्छेद मिटायचा राहिला तर
ब्राउझर सांभाळून घेतो,
असं मिल्टन पहिल्याच दिवशी म्हणाला होता.